ओढ्याकाठची पट्टी

माझा नवरा मर्ल गेला, आणि पुढच्याच पेरणीला माझ्या पुतण्याने ओढ्याकाठचं गवत नांगरून तिथे मका लावला. मला न विचारता.

त्या पट्टीत मर्लने कधी काही पेरलं नव्हतं. ओढ्याला लागून पेरलं की काठ ढासळतो आणि खत पाण्यात उतरतं, असं तो म्हणायचा. गवत राहायचं, पिवळ्या छातीचे पक्षी तिथे घरटी करायचे. आयोवाच्या आमच्या भागात जिथे बघाल तिथे मका आणि सोयाबीन. डोळ्यांना दुसरं काही दिसावं अशी तेवढीच एक जागा होती.

कर्टिस माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. आमची जमीन तो खंडाने करतो. आमचीच नाही, तीन गावांतल्या विधवांची, म्हाताऱ्यांची आणि शहरात जाऊन बसलेल्यांची जमीन त्याच्याकडे आहे. त्याच्या पेरणीयंत्राचे पंख उघडले की माझं घर, कोठार आणि अंगण त्यात मावेल. पिकलेल्या मक्यातलं एक कणीसही कोणी तोंडात घालत नाही, दात पडतील. तो सगळा इथेनॉलच्या कारखान्यात आणि डुकरांच्या पोटात जातो.

"कर्टिस, ती पट्टी सोड," मी त्याला रविवारी जेवताना म्हटलं.

"हो काकू," तो म्हणाला आणि बटाटे वाढून घेतले.

पुढच्या मे महिन्यात मी भांडी धूत असताना खिडकीतून ट्रॅक्टर दिसला, थेट ओढ्याच्या काठाने चाललेला. मी तशीच ओल्या हातांनी धावले आणि शेताच्या कडेला उभी राहून हात हलवू लागले. आत गेलन होता, कर्टिसचा गडी. दोन्ही हातांत सँडविच धरून तो खात होता आणि ट्रॅक्टर आपला आपण सरळ चालला होता. गेलनने मला बघून आनंदाने हात हलवला. मी खायला आणलंय असं वाटलं असावं त्याला.

शेवटी तो थांबला.

"गेलन, इथे पेरायचं नाही असं कर्टिसने सांगितलं नाही तुला?"

"मला कोण काय सांगतंय, आर्लिसबाई? मी फक्त वळताना हात लावतो. बाकी सगळं त्या पडद्यावर ठरतं."

"मग पडद्याला सांग."

"त्याला पासवर्ड आहे, बाई. मला कुठला देतायत!"

कर्टिसला विचारलं तर म्हणे, "यंदा राहून गेलं, काकू. पुढच्या वर्षी नक्की नकाशात बसवतो."

पुढच्या वर्षी मी त्याच्या भरवशावर राहिले नाही. पेरणीच्या आधीच त्याच्या ट्रॅक्टरमध्ये चढून बसले. केबिनमध्ये थंड हवा, गाणी, आणि समोर आमच्या शेताचं चित्र. कर्टिस म्हणाला, "कुठून सोडायचं ते बोटाने दाखव." मी पडद्यावर बोट फिरवलं, तशी तिथे लाल रेघ उमटली. त्या वर्षी पट्टी खरंच सुटली. गवत यायला लागलं. मी कर्टिसच्या घरी चेरीचा केक पाठवला.

त्यानंतरच्या वर्षी त्याने नवा ट्रॅक्टर घेतला, दुसऱ्या कंपनीचा. जुने नकाशे त्यात चालत नाहीत म्हणे. मी सकाळी बघायला गेले तर नुकतं आलेलं गवत उलटंपालटं झालेलं, आणि ढेकळांमध्ये औषध लावलेले गुलाबी दाणे.

त्या दिवशी मी घरी येऊन रडले. दुःखाने नाही, संतापाने. जमीन माझी, कागद माझ्या नावावर, आणि तिच्या एका तुकड्याला मी नको म्हणू शकत नाही!

माझी मैत्रीण इर्मा म्हणाली, "जमीन दुसऱ्याला दे की मग." तिचा राग वेगळा होता. गावच्या पाण्यात खत उतरलंय म्हणून तिची नात बाळाचं दूध विकतच्या बाटलीबंद पाण्यात करते. दर वसंतात नगरपालिकेची सूचना येते, नळाचं पाणी बाळांना देऊ नका म्हणून, आणि दर वसंतात इर्मा भांडायला कोणी सापडतंय का ते बघते.

म्हणून मी आमच्या भागातल्या दुसऱ्या मोठ्या शेतकऱ्याला फोन केला. तो स्वतः आला नाही. त्याच्याकडचा एक नेटका माणूस टॅबलेट घेऊन आला. त्याने शेत पाहिलं, घर पाहिलं, आणि घरामागच्या झाडांकडे बोट दाखवून विचारलं, "ही काढता येतील का? वळायला अडचण होते." ओढ्याच्या पट्टीचा विषय मी काढलाच नाही. त्याला कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. तिसरा कोणी उरलाच नव्हता. जे होते ते एक तर कर्टिसला जमीन देऊन बसले होते, नाही तर याला.

हिवाळाभर मी विचार केला. बर्फ वितळलं आणि जमीन मऊ झाली, तशी मी आणि इर्मा दुकानात जाऊन लोखंडी खांब घेऊन आलो. दोन मुठींचा जाड पाइप खांबावर घालायचा आणि वरून आपटायचा, की खांब जमिनीत शिरतो. आमच्या वयाला ते काम नव्हे. इर्मा प्रत्येक घावाला एकेकाचं नाव घ्यायची. आधी महापौरांचं, मग कर्टिसचं, मग स्वतःच्या पहिल्या नवऱ्याचं. पट्टीच्या कडेने ओळीने खांब उभे राहिले. त्यांना आम्ही लाल फडकी बांधली.

पेरणीला कर्टिस स्वतः आला. खांबांपाशी ट्रॅक्टर थांबला, दार उघडलं.

"काकू, हे काय आहे?"

"खांब."

"ते दिसतंय मला! यंत्र अडकलं असतं तर?"

"अडकू नये म्हणून तर फडकी बांधली."

त्याने टोपी काढून मांडीवर आपटली. "शेतकऱ्यांच्या सोसायटीत सकाळी कॉफीला बसतात ना, ते सगळे हसतील मला. सख्ख्या काकूने कुंपण घातलं म्हणतील."

"मी इतकी वर्षं तोंडाने सांगत होते. तेव्हा कोणी हसलं नाही, कारण कोणी ऐकलंच नाही. तूसुद्धा."

"तुला काय वाटतं, मी मुद्दाम करतो? पाऊस यायच्या आत इथलं उरकायचं, की लगेच दुसरीकडे पळायचं. प्रत्येक मालकाचं काहीतरी असतंच. एकाला झाड ठेवायचंय, एकीला कुत्र्याची कबर. सगळ्यांचं ऐकत बसलो तर जुलै उजाडेल पेरायला."

"मग एवढी जमीन घेऊ नकोस."

"मी नाही घेतली तर तो दुसरा घेईल. आणि मग एक दिवस तुझीही तोच घेईल. त्याला सांग तुझी पट्टी!"

त्या दुसऱ्याचा माणूस माझ्याच स्वयंपाकघरात कॉफी पिऊन गेला होता.

कर्टिस वर चढला, दार आपटलं, आणि खांबांच्या अलीकडूनच वळला. पट्टी सुटली.

तुम्हाला वाटेल, मी जिंकले. त्या उन्हाळ्यात पट्टीवर गवताच्या आधी काटेरी झुडपं आली, माझ्या कमरेइतकी. रस्त्याने जाणारे गाडीचा वेग कमी करून बघायचे. चर्चमध्ये एकाने विचारलं, "आर्लिस, यंदा काटे पिकवतेयस वाटतं? भाव काय?" मी आणि इर्मा हातमोजे घालून ते उपटत बसलो. पाठ कामातून गेली. जूनमध्ये मोठा पाऊस झाला तेव्हा मी छत्री घेऊन काठावर गेले. आमचा काठ धरून होता. पण ओढा मात्र तसाच गढूळ, चहासारखा. पाणी वरच्या शेतांतून येतं, आणि ती शेतं थेट काठापर्यंत पेरलेली. वरच्या शेताचा मालक ॲरिझोनात राहतो. त्याला फोन केला की यंत्र बोलतं, निरोप ठेवा म्हणून. मी ठेवते. अजून उत्तर नाही.

कर्टिस रविवारचा जेवायला यायचा बंद झाला. कापणीच्या वेळीसुद्धा त्याने गेलनलाच पाठवलं. मक्याची धूळ महिनाभर माझ्या खिडक्यांवर बसत राहिली, आणि तो घराच्या दारापर्यंत आला नाही.

डिसेंबरमध्ये एका दुपारी आला. टोपी न काढता खुर्चीच्या टोकावर बसला. मी कॉफी ठेवली. बराच वेळ हवामानावर बोलला.

मग म्हणाला, "पुढच्या वर्षी खांब काढशील?"

"नाही."

"रेघ मारतो ना परत पडद्यावर."

"मार की. खांब राहतील."

त्याने कॉफी संपवली, कप सिंकमध्ये ठेवला. दारात थांबून मागे न बघता म्हणाला, "मग त्या काट्यांवर फुलं यायच्या आत कापून टाक. बी उडून माझ्या शेतात येतं."

"माझ्या शेतात," मी म्हटलं.

त्याने ऐकलं की नाही, कळलं नाही. गाडी सुरू झाली होती.