खिडकीतला हात

स्टेशनाला इतकं चिकटून घर मिळेल असं तिला वाटलंच नव्हतं. ती दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या बनवायची आणि रोजचा अर्धा जीव बस बदलण्यातच जायचा. "जगाला दात वाटतेस आणि तुला मेलं एक घर मिळेना," ताई फोनवर चिडवायची. मग ही तिसऱ्या मजल्यावरची जागा मिळाली. खिडकीच्या अगदी समोर मेट्रोचा उंच प्लॅटफॉर्म, मधे फक्त रस्ता.

घरमालक पन्नाशीचा, अबोल माणूस. किल्ली त्याने खाली फाटकापाशीच दिली.

"वर नाही येत?"

"तुम्हीच बघून घ्या. काही लागलं तर फोन करा," म्हणत तो जवळजवळ पळालाच.

सुरुवातीचे दिवस झकास गेले. मग एका सकाळी प्लॅटफॉर्म पुसणारी मावशी तिला म्हणाली, "तुमच्या आईची किती माया हो! गाडी सुटेपर्यंत खिडकीतून हात करतात."

"मावशी, मी एकटी राहते."

मावशीने फडकं पिळता पिळता समोर बोट केलं. "मग त्या कोण?"

तिला फक्त बंद पडदा दिसला. बाकावर बसलेल्या एका गृहस्थांनी मान वर केली. "रोज असतात की," ते सहज म्हणाले.

कामावर तिने एका कवळीचे दात उलटे बसवले. संध्याकाळी घरात शिरताच सगळे दिवे लावले, कपाटं उघडून पाहिली. कोणी नव्हतं. काचेवर मात्र, आतल्या बाजूने, तळहाताचा ठसा होता. तिने तो घासून पुसला. सकाळी तो पुन्हा तिथेच होता, तिच्या तळहातापेक्षा लहान.

तिने घरमालकाला फोन लावून खिडकीतल्या बाईबद्दल विचारलं.

"आई आहे ती," तो म्हणाला. "मी कामाला निघालो की खिडकीत यायची. एवढ्या वयात आई हात करते म्हणून बरोबरच्या लोकांसमोर मला लाज वाटायची, मी वर बघायचोच नाही. एका सकाळी तिथेच कोसळली. मी गाडीत होतो."

"उद्या या," ती म्हणाली. "प्लॅटफॉर्मवर तरी या."

तो आला, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. मावशी बादली खाली ठेवून म्हणाली, "त्या बघा, आल्या." बाकावरच्या गृहस्थांनीही मान हलवली. आणि या वेळी तिलाही दिसलं. पडदा बाजूला होता, काचेमागे एक ठेंगणी बाई उभी होती.

"कुठंय?" तो डोळे बारीक करून बघत होता. "मला का दिसत नाही? काय करतेय? टाटा करतेय का?"

तिने नीट पाहिलं. बाईचा तळहात खालच्या बाजूला वळलेला होता, बोटं आत वळत होती. पुन्हा पुन्हा.

"टाटा नाही," ती म्हणाली. "त्या बोलावतायत तुम्हाला."

गाडी आली, गेली. तो तिथेच उभा होता. मग तिच्याकडून किल्ली घेऊन एकदम जिन्याकडे वळला. रस्ता ओलांडून तो इमारतीत शिरताना तिला वरून दिसला. ती त्याच्यामागे गेली नाही. खिडकीत आता कोणी नव्हतं.

घरात तो काय बोलला, रडला की नुसता बसून राहिला, हे तिने कधी विचारलं नाही. आठवड्याभरात त्याने स्वतःच विचारलं, "घर सोडाल का? मला तिथं राहायचंय." तिने लगेच होकार दिला. ताईने तिला लांबच्या गल्लीत एक खोली शोधून दिली. पुन्हा बस बदलणं आलं, पण झोप लागू लागली.

काही महिन्यांनी त्याचा फोन आला. मागून गाडीचा आवाज येत होता.

"एक विचारायचं राहिलं. तिच्या अंगावर काय होतं?"

"चौकड्यांचा गाऊन. केस मोकळे होते. खांद्यावर पंचा."

तो अगदी हळू म्हणाला, "त्या सकाळी मी वर बघितलंच नाही. न्हायली असेल."