गाणारी बाई कोणाच्या वाट्याची

वाटणीत आमच्या वाट्याला गाणारी बाई आली आणि धाकट्या दिराच्या वाट्याला टाळ-मृदंग, हे आम्हांला वाटणी होऊन गेल्यावर कळलं. पंचांनाही आधी कळलं नव्हतं. मला तर अजूनही सगळं कळलंय असं नाही, पण जेवढं कळलं तेवढं सांगते.

पिंपळगाव राजाला आमचं घर. आमचे हे थोरले, नारायणराव, शालिग्राम धाकटा. मी लग्न होऊन आले तेव्हा शालिग्राम शाळेत जायचा आणि भाकरी माझ्याच हातची मागायचा. त्याला मी दीर म्हणून कधी मानलंच नाही, पोरासारखाच वाटायचा. दुष्काळ सरला, पुढच्या साली कापूस बरा झाला, तेव्हा दोघे भाऊ खामगावला गेले आणि रेकॉर्ड वाजवायचं मशीन घेऊन आले. मशीन एक आणि आवाजाचे लाकडी डबे दोन. दुकानदार म्हणाला होता, स्टिरिओ आहे. म्हणजे काय ते दोघांपैकी कोणी विचारलं नाही. विचारलं तर अडाणी ठरू ना! ओसरीवर फळीच्या दोन टोकांना दोन डबे ठेवले आणि भजनाची रेकॉर्ड लावली, तर काय सांगू, गाणारी बाई अगदी समोर बसल्यासारखी वाटायची आणि टाळकरी तिकडे धान्याच्या कोठीपाशी उभे असल्यासारखे.

मग विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भावाभावांची जुंपली. दोघेही नाकावर माशी बसू न देणारे. ऐकणार कोण? हिंमतराव पंच म्हणून आले. भांडी वाटली, गुरं वाटली, शेवटी मशीनपाशी अडलं.

"मशीन थोरल्याकडं राहीन," हिंमतराव म्हणाले, "डबा एकेक घ्या. नारायणरावानं रेकॉर्ड लावली का शालिग्रामच्या घरातबी वाजली पाह्यजे."

ओसरीच्या मधोमध भिंत उठली. भिंतीत वायरीपुरतं भोक ठेवलं. माणसापुरतं दार ठेवा म्हणून मी सांगत होते, तर माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. शालिग्राम हाकेच्या अंतरावर होता, पण येणं-जाणं बंद झालं. संध्याकाळी भाकरी थापताना त्याच्या वाटणीचं पीठ हाताला यायचं आणि मला फार वाईट वाटायचं.

वाटणीनंतर यांनी पहिल्यांदा रेकॉर्ड लावली. बाई गाऊ लागली, पण एकटीच. टाळ नाहीत, मृदंग नाही, मागे साथीला कोणी नाही. मला वाटलं रेकॉर्ड झिजली. हे म्हणाले सुई गेली. यांनी सुई फुंकली, मी पदरानं पुसली, तरी बाई आपली एकटीच.

तेवढ्यात शालिग्राम रस्त्यानं वळसा घालून आमच्या दारात येऊन उभा राहिला. चपला पायातच.

"दादा, गाणारी बाई तुमच्याइकडंच ठेवून घेतली का? माह्या डब्यात नुसते टाळकरी कोकलून राह्यले!"

"अन् माह्ये टाळकरी कुठी गेले?" हे उसळले. "तूच काही केलं असशीन वायरीले."

"म्या हातबी नाही लावला!"

"मंग बस अथी. ऐक तुह्या कानानं."

शालिग्राम चपला काढून बसला. ऐकून त्याचाही चेहरा उतरला. मशीन बिघडलं म्हणून दोघे भाऊ हातावर हात ठेवून बसले होते आणि मी आत चहा करत होते. खोटं कशाला बोलू, मला चुलीपाशी आनंदानं रडू येत होतं.

चहा झाल्यावर दोघांनी डबे बदलले. आमचा तिकडे, त्यांचा इकडे. तरी बाई आमच्याच घरात! म्हणजे दोष डब्यात नव्हता. मग कशात होता? यांनी मशीनच्या मागच्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि बाई जी उठली ती भिंतीपलीकडे गेली. आता टाळकरी आमचे. हे चिडून स्वतः शालिग्रामच्या घरी गेले, बाई तिथे आहे की नाही ते बघायला. वाटणीनंतर पहिल्यांदाच गेले. बराच वेळ आलेच नाहीत. आले ते मिशीला चिवडा लावून.

"विमलनं केलता," एवढंच म्हणाले. विमल ही शालिग्रामची बायको.

शेवटी प्रकरण पुन्हा हिंमतरावांकडे गेलं. त्यांनी आमच्या ओसरीवर उभं राहून ऐकलं, मग तिकडे जाऊन ऐकलं, आणि टोपी काढून डोकं खाजवलं. आयुष्यात बांधाचे, धुऱ्याचे तंटे सोडवलेला माणूस, पण असला तंटा त्यांनीही पाहिला नव्हता.

"आठ दिवस बाई नारायणरावाकडं, आठ दिवस शालिग्रामकडं," त्यांनी निवाडा दिला. "वायर बदलाले दोघंबी हजर पाह्यजेत. मांगून तक्रार नको."

गाव हसून हसून बेजार झालं. हसू दे. वायर बदलायच्या दिवशी शालिग्राम आणि विमल आमच्याकडे यायचे, वायर बदलून झाली तरी बसायचे. मधल्या दिवसांतही कधी खरखर होते म्हणून, कधी आवाज बारीक येतो म्हणून, याचं त्याच्याकडे आणि त्याचं याच्याकडे येणं-जाणं चालायचं. भांडायचे, पण जवळ बसून भांडायचे.

असं चाललं असताना विमलचा भाऊ रंगराव बुलढाण्याहून आला. तिथे तो कचेरीत नोकरीला. त्याच्याकडे असलंच मशीन होतं. आमचा निवाडा ऐकून तो पोट धरून हसला.

"अहो, हे बिघडलं नाही. ह्या रेकॉर्डीत एका डब्यातून बाई अन् दुसऱ्यातून टाळ असंच भरलं हाय. दोन्ही डबे एका खोलीत ठेवाचे अन् आपण मधात बसाचं. तवा गाणं पुरं होते."

"मधात तर भित हाय," मी म्हणाले.

शालिग्रामनं मान खाली घातली. रंगरावनं मशीनच्या बाजूचं एक बटन खट्‌कन दाबलं. "घ्या. हे मोनो. आता दोन्हीकडं सगळंच ऐकू येईन. पुन्हा दाबलं का पह्यल्यासारखं."

आणि खरंच, दोन्ही घरांत बाई आली, टाळ आले, मृदंग आला. कोठीपाशी मात्र आता कोणी उभं नव्हतं. सगळे त्या एका डब्यात दाटीवाटीनं बसल्यासारखे वाटत होते. पण गाणं पुरं होतं, तक्रारीला जागा नव्हती. हिंमतराव सुटले.

त्यानंतर शालिग्राम आला नाही. कशाला येईल? हेही गेले नाहीत. माझं डोकं चालेना. मशीन बिघडलेलं होतं तेव्हा घरात माणसं होती, आणि नीट झालं तर ओसरीवर आम्ही दोघंच भिंतीकडे तोंड करून बसलेले. नीट झालं म्हणजे नक्की काय नीट झालं?

एके दिवशी मला राहवलं नाही. संध्याकाळी हे हातपाय धुवायला गेले, तेवढ्यात मी हळूच जाऊन बटन दाबलं. खट्. हे आले, रेकॉर्ड लावली.

सगळंच वाजायला लागलं. बाई, टाळ, मृदंग, सगळं!

मी चक्रावले. बटन चुकलं का? दाबलं होतं हे खरं ना? पण हेही मशीनकडे डोळे फाडून बघत होते.

"असं कसं झालं?" हे पुटपुटले.

"काय झालं?"

"काही नाही." आणि यांनी गुपचूप हात नेऊन तेच बटन दाबलं. टाळ गेले. बाई एकटी उरली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "तुम्ही आधीच दाबलं होतं?"

"दुपारीच. तू काऊन हात लावला त्याले?"

"तुम्ही काऊन लावला?"

हे कान टवकारून भिंतीकडे बघत राहिले. मीही बघत राहिले. पलीकडून हाक आली नाही. बाईनं एकटीनंच गाणं संपवलं. यांनी सुई उचलून पुन्हा पहिल्यापासून लावली आणि आवाज वाढवला.

निम्म्या गाण्यात शालिग्राम दारात आला. या वेळी चपला आधीच काढलेल्या.

"दादा, बाई पुन्हा इकडंच आली का?"

"हो ना बे," हे म्हणाले, "काय झालं काही समजूनच नाही राह्यलं. बस."

शालिग्राम मशीनला लागूनच बसला. बटन त्याच्या गुडघ्यापाशी होतं. त्यानं ते पाहिलं, बोट वर नेलं, आणि मग तो हात सावकाश मांडीवर ठेवून माझ्याकडे वळला.

"वहिनी," तो म्हणाला, "भाकरी झाली का?"