अंगाबरहुकूम जाकीट

शिंप्याच्या हातात एवढी सफाई होती, की लेकीचा एक खांदा वर चढलाय हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. तो झग्याच्या उतरत्या खांद्यात गुपचूप कापूस भरी आणि पोरगी सरळसोट दिसे. शाळेतल्या तपासणीत तिला पुढे वाकवलं, तेव्हा पाठीची एकच बाजू उंटासारखी वर आली अन् बिंग फुटलं.

"याला स्कोलिओसिस म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कणा बाजूला वळतो, थोडा पिळतोही. म्हणून बरगड्या वर येतात."

"दप्तराने झालं!" शिंप्याची थोरली बहीण म्हणाली.

"दप्तराने नाही, बसण्यानेही नाही. बहुतेकदा कारण सापडतच नाही. पण वाढत्या वयात कण्याचा बाक वाढू शकतो, म्हणून ब्रेस घालायचा."

ब्रेस म्हणजे प्लास्टिकचं कडक जाकीट. पोरगी रडकुंडीला आली. "बाबा, दाबतंय! मी नाही घालणार."

शिंप्याने ते उलटंपालटं करून पाहिलं. "कुणी बेतलंय हे? माप साफ चुकलंय!" आतल्या दाबणाऱ्या गाद्या त्याने उचकटल्या आणि जिथे पोकळी होती तिथे चिकटवल्या. आता जाकीट कसं अंगाबरहुकूम बसलं. पुढच्या तपासणीला तो शाबासकी घ्यायलाच गेला.

"या गाद्या कुणी हलवल्या?"

"मी. दाबत होत्या ना."

"अहो, दाबायलाच लावल्या होत्या! कण्याला इथून ढकलायचं, सरकायला तिथे मोकळी जागा ठेवायची. तुम्ही बाकाला मस्त उशी करून दिलीत!"

शिंप्याचा चेहरा उतरला. "म्हणजे इथे कपडा अंगाप्रमाणे नाही, अंग कपड्याप्रमाणे?"

"बाक वाढू नये, एवढ्यापुरतं तरी."

गाद्या जागेवर परत आल्या आणि पोरीचा हट्टही परत आला. जाकिटाला हात लावायची बंदी, म्हणून शिंप्याने आतून घालायला मऊ बनियन शिवलं, एकही शिवण टोचणार नाही असं. तोंड फुगवून तिने दोन्ही चढवली, पण शाळेच्या वेळेला दारातच अडून बसली. "सगळ्या हसतील मला."

"जा की गं, भवाने!" म्हणत आत्याने पाठीत सणसणीत धपाटा घातला.

ठक्क!

"अगं आई गं!" आत्या हात झटकत अंगणभर नाचली.

पोरगी थबकली. तिने वळून स्वतःच पाठीवर बोटं वाजवून पाहिली. "आत्या, आणखी एक घाल ना."

"मेले, हात मोडला माझा!"

"बाबा, वर्गात माझ्यामागे एक बसते, सारखी पाठीत बुक्क्या मारते," पोरगी म्हणाली आणि धूम पळत सुटली.