शेडवाल्यांची एकुलती एक टेप

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. तुमच्या आईबाबांनी पाहिलेली कॅसेट नव्हे, तिच्याही आधीची. बशीएवढ्या चकतीवर गुंडाळलेली तपकिरी पट्टी. अंगावर लोखंडाच्या भुकटीचा पातळ थर, आणि सगळा जीव त्या थरात. तो आहे तोवर मी बोलते. तो गेला की मी नुसती फीत.

मला विकत घेतले ते रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने. दुकान कसले, जिन्याखालची खोपटीच ती. त्या काळी शहरातल्या तरुण मुलांना गिटार आणि ड्रमचे वेड लागले होते. टायरच्या दुकानामागे पत्र्याची एक शेड होती. तिथे चौघे जण रोज संध्याकाळी असा काही दणका उडवत की शेजारी दारे लावून घेत. लोक त्यांना शेडवाले म्हणू लागले आणि बँडचे तेच नाव पडले.

त्यांचा पहिला गायक दिवसा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. सगळे त्याला पेंटर म्हणत. नखांत रंग तसाच ठेवून तो माइकसमोर उभा राहायचा. त्याचा आवाज गोड मुळीच नव्हता. खरखरीत होता, पण तो सुरू झाला की गप्पा मारणारे आपोआप गप्प होत. रेडिओवाला तर त्याच्यापायी खुळावला होता. बँडचा मोठा कार्यक्रम ठरला, तेव्हा त्याने आपले यंत्र खांद्यावरून हॉलमध्ये नेले आणि पेंटरला पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत माझ्यावर भरून घेतले. त्या दिवशी मला माझाच हेवा वाटला.

पुढे पेंटरचा घसा बसला. आज बरा होईल, उद्या होईल, करता करता महिने गेले. शेडवाल्यांनी दुसरा गायक आणला. हा देखणा, केस कपाळावर. नर्सचे शिक्षण घेणारी एक मुलगी बँडची भक्त होती. ती रेडिओवाल्याच्या मागेच लागली.

"अहो, याचं भरा ना! टेप आहे की तुमच्याकडे."

"एकच आहे. तिच्यावर पेंटर आहे."

"मग काय झालं? तो बरा झाला की परत गाणारच आहे. तेव्हा परत भरून घ्या."

रेडिओवाल्याला ते पटले. मनापासून पटले. पेंटर परत गाणार यात त्याला तिळमात्र शंका नव्हती.

मित्रांनो, पुसले जाणे कसे असते ते सांगू? दुखत नाही. यंत्रातून नवा आवाज येतो आणि जुना नुसता निघून जातो, दार न वाजवता. मी ओरडू पाहत होते, पण माझा स्वतःचा आवाज कुठे आहे? मला जो देतील तोच माझा. नव्या गायकाचा कार्यक्रम जरा लवकर संपला, म्हणून माझ्या शेपटाशी पेंटरचा एक तुकडा तेवढा उरला.

त्यानंतर पेंटरचे ऑपरेशन झाले. गळ्याला भोक राहिले, आवाज कायमचा गेला. काही वर्षांनी देखणाही बँड सोडून गेला आणि तिसरा आला, चष्मा लावणारा एक कारकून. याच्यावर एका पोस्टमनचा जीव. पुन्हा तेच. देखण्यावर कारकून चढला. मग बँड मोडला, यंत्र कपाटावर गेले आणि मी पत्र्याच्या डब्यात. डब्यामागच्या भिंतीला ओल होती. कोणी पाहिले नाही.

रेडिओवाला, नर्सबाई आणि पोस्टमन मात्र म्हातारे होईपर्यंत त्याच खोपटीत जमत राहिले. चहा झाला की भांडण ठरलेले.

"देखणा आला म्हणून शेडवाल्यांना कुणी विचारायला लागलं," नर्सबाई म्हणायच्या.

"सुरात गायला तो आमचा कारकून. बाकीचे घसा साफ करत होते," पोस्टमन म्हणायचा.

रेडिओवाला डब्याकडे पाहायचा, पण डबा उघडायची त्याची छाती होत नसे.

अशाच एका दुपारी एक बाई धापा टाकत आत आली. "काका, मी पेंटरची मुलगी," ती म्हणाली. "बाबांचं काही खरं नाही. डॉक्टरांनी हात टेकलेत. ऑपरेशननंतर जन्मले मी. त्यांचा आवाज मी कधी ऐकलाच नाही. तुमच्याकडे आहे म्हणतात. खरं आहे का?"

नर्सबाईच म्हणाल्या, "थोडासा आहे. टेपच्या शेवटाला."

"मग चला ना! ते असेपर्यंत चला. त्यांच्याशेजारी बसून ऐकायचंय मला."

रेडिओवाल्याने डबा उघडला. ओलीने माझा थर सुटला होता. बोट लावले की माझी भुकटी बोटाला येत होती. "पोरी, ही एकदाच चालेल," तो म्हणाला. "तेही चालली तर."

ते धूड यंत्र तिघा म्हाताऱ्यांनी पायऱ्या चढवून पेंटरच्या खोलीत नेले. पेंटर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला चढवले, बटण दाबले. भरभर पुढे पळवली असती तर मी तुटले असते, म्हणून आधी कारकून लागला. मी थांबू शकत नव्हते. माझा कण न् कण गळत होता आणि मी मनात म्हणत होते, सुरुवातीचे सगळे गळू दे, शेपूट तेवढे राहू दे. मग देखण्याची एक ओळ आली. नर्सबाईंनी मान वर केली नाही. पोस्टमन मुलीचा फोन आवाज टिपायला यंत्राजवळ धरून होता.

आणि मग हॉलमधली खुर्च्यांची सरकासरक ऐकू आली. शेवटच्या गाण्याआधीची ती गडबड होती. कोणीतरी माइकवर टकटक केले. खरखरीत, तरुण आवाज आला,

"मागं ऐकू येतंय का? अहो मागचे, येतंय का ऐकू?"

मुलगी ताडकन उठली. "येतंय, बाबा," ती म्हणाली. "येतंय, येतंय!"

पेंटरने तोंड वळवले. त्याने मुलीकडे पाहिले आणि हात गळ्यावर नेला. गिटार सुरू झाली. गायकाने श्वास घेतला तो मी घेतला, खरेच सांगते. आणि मी तुटले.

रेडिओवाल्याने मला जोडले. पुन्हा तुटले. पुन्हा जोडले. तिसऱ्या वेळी मी अखंड फिरले, पण नुसता सूं सूं आवाज आला. थर सगळा खाली पडला होता, यंत्रावर तपकिरी धूळ साचली होती. पेंटर अंथरुणावर बोटे आपटत होता. पुढे, पुढे लाव, असे म्हणत होता तो. गाणे त्याला आठवत होते, त्याला ते ऐकायचे होते.

"नाही हो राहिलं," रेडिओवाला म्हणाला. "मीच..." तो पेंटरचे पाय धरून बसला.

दोन दिवसांनी पेंटर गेला. फोनमध्ये तो प्रश्न उतरला आहे. मुलीचे उत्तर त्याच्यावरच पडल्यामुळे त्यातला अर्धा ऐकू येत नाही.

मित्रांनो, मी आता कोरी आहे. माझ्यावर कोणी काही भरू शकणार नाही. माझे एवढेच मागणे आहे. आज घरी गेलात की घरातल्या सगळ्यांत थकलेल्या माणसाजवळ बसा आणि त्याला काहीतरी बोलायला लावा. तो म्हणेल, "कशाला?"

मग ते "कशाला" तरी जपून ठेवा. त्याच्यावर दुसरे काही भरू नका.