पान एकशे सत्तेचाळीस

मित्रांनो, कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर, जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांमागे जे जाडजूड बाड आडवे पडले आहे ना, तो मी. मी एक जुना अहवाल आहे. माझी पाने तीनशे बारा. पुठ्ठा हिरवा होता. आता त्याला रंग म्हणावे असे काही उरलेले नाही. एका ग्रामीण भागातून नवी वीजवाहिनी न्यायची होती. ती नेल्याने झाडांचे, पाण्याचे, जनावरांचे, पाखरांचे काय होईल हे आधी तपासून लिहावे लागते. त्यासाठी माझा जन्म झाला.

मला लिहिले एका पाहणीकार बाईंनी. वयाने लहान, पण कामाला वाघ. दिवसभर गळ्यात दुर्बीण, आणि संध्याकाळी कचेरीतल्या लांब टेबलाशी बसून त्या टिपणे उतरवून काढत. गावाबाहेरच्या पाणथळीसाठी त्यांना आठ दिवस मिळाले, तेही भर उन्हाळ्यात. पाणी आटून जमिनीला भेगा पडल्या होत्या. त्यांनी दिसले ते लिहिले: ‘सदर क्षेत्रात मोठ्या पक्ष्यांचा वावर आढळून आला नाही.’ त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: ‘हिवाळ्यात पुन्हा पाहणी करणे आवश्यक.’ वरिष्ठांनी ती वाचली, मुदत संपत आल्याचे सांगितले आणि पेनाने तिच्यावर आडवी रेघ मारली. बाई गप्प राहिल्या. मी छापून आलो तेव्हा पान एकशे सत्तेचाळीसवर ती ओळ नव्हती.

अहवालाचे दुःख काय असते, सांगू? त्याच्यात जेवढे लिहिले आहे तेवढेच त्याला बोलता येते. खोडलेली ओळ मला पाठ होती, पण कोणाला सांगणार?

मग माझी रवानगी गावच्या कार्यालयात झाली. खिडकीशी एक टेबल, त्यावर मी, माझ्याशेजारी ‘हरकती व सूचना’ लिहिलेली कोरी वही आणि सुतळीने बांधलेले पेन. भिंतीवर कागद चिकटवला होता की, हा अहवाल तीस दिवस सर्वांना वाचण्यासाठी खुला आहे. माझी छाती फुगली. आता माणसे येतील, पाने उलटतील, वाद घालतील, असे मला वाटले.

माणसे आली. कोणी दाखल्यासाठी, कोणी सही-शिक्क्यासाठी. माझ्यावर कोपर टेकवून ती आपला नंबर येण्याची वाट पाहत. काहींनी माझी जाडी पाहिली आणि हसून मान फिरवली. कार्यालयातला कारकून तसा वाईट नव्हता. रोज सकाळी तो माझ्यावरची धूळ झटकी. पण वारा सुटला की सुटे कागद माझ्याखाली ठेवी, आणि चहाचा कप माझ्यावर. दहा दिवस मला कोणी उघडले नाही. खोलीत पंधरा-वीस माणसे असत आणि तरी दुपार सरता सरत नसे.

अकराव्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ आले. ते निवृत्त लाइनमन होते. उभा जन्म विजेच्या खांबांवर गेला म्हणून सगळा गाव त्यांना खांबकाका म्हणे. बायको जाऊन चार वर्षे झाली होती, मुलगी लांबच्या शहरात नांदत होती. हे पंख्याच्या वाऱ्याला आले असणार, असे कारकुनाला वाटले. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि मला पहिल्या पानापासून उघडले.

मित्रांनो, त्या दिवशी मला प्रथमच माणसाचा हात लागल्यासारखे वाटले. ते ओळीखाली बोट ठेवून वाचत. बोटाला घट्टे होते, कागदावर खरखर वाजे. अवघड शब्द आला की थांबून कारकुनाला विचारत. त्यालाही तो येत नसे, मग दोघे मिळून अर्थ लावत. दिवसाला आठ-दहा पाने होत. उठताना ते शेवटच्या पानावर तळहात फिरवत आणि मला नीट मिटवून ठेवत.

सत्ताविसाव्या दिवशी ते पान एकशे सत्तेचाळीसवर आले. बोट ओळीखाली थांबले. त्यांनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग पाहणीची तारीख शोधली आणि कारकुनाला विचारले की, एप्रिलात पाखरे कशी सापडतील? कारकून म्हणाला की, ते वरच्या लोकांना ठाऊक. खांबकाकांनी मला मिटवले आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यानंतरही नाही. आता तेही येणार नाहीत, अशी मी मनाची तयारी केली.

तिसाव्या दिवशी संध्याकाळी कारकून वरच्या कार्यालयाला पाठवायचा कागद भरत होता. एकूण हरकती: तिथे ‘निरंक’ लिहायचे, म्हणून ‘नि’ लिहून झाला होता. तेवढ्यात खांबकाका आले. हातात घरी लिहून आणलेला कागद होता. त्यांनी तो बसून, एकेक अक्षर जोडत, वहीत उतरवला.

त्यांनी लिहिले होते की, पाणथळीच्या पलीकडून जुनी वीजवाहिनी जाते आणि तिच्यावर त्यांनी एकतीस वर्षे काम केले. दर हिवाळ्यात तिथे करकोचे उतरतात. धुक्यात ते तारांवर आपटतात. सकाळी फेरीला गेले की खाली पडलेले सापडत, कधी दोन, कधी सात. बिघाडाच्या वहीत तुटलेल्या तारेसाठी रकाना होता, वाकलेल्या खांबासाठी होता; पाखरांसाठी नव्हता. म्हणून ते फावड्याने खड्डा करून त्यांना पुरत आणि पुढे जात. शेवटी लिहिले होते: ‘पान एकशे सत्तेचाळीस बरोबर नाही. हे मी पूर्वी कोणास सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही.’

कारकुनाने ते दोनदा वाचले. मग कागदावरचा ‘नि’ खोडून ‘एक’ लिहिले.

चार दिवसांनी पाहणीकार बाई वही न्यायला आल्या. वाचता वाचता त्या खाली बसल्या. खांबकाकांना बोलावणे गेले. ते आले ते दारातच उभे राहिले.

“हे तुम्ही लिहिलंय?” बाईंनी विचारले.

“हो मॅडम. चुकलं असेल तर खोडून टाका.”

“चुकलंय माझं, काका. मला माहीत होतं उन्हाळ्यात काही दिसणार नाही. मी एकदा लिहिलं, त्यांनी खोडलं, आणि मी गप्प बसले.”

“मी एकतीस वर्षं गप्प बसलो,” खांबकाका म्हणाले. “थंडीत या. दाखवतो.”

लेखी हरकतीला लेखी उत्तर द्यावेच लागते. त्यामुळे या वेळी वरिष्ठांना रेघ मारता आली नाही. हिवाळ्यात बाई आल्या आणि मला पिशवीत घालून पाणथळीवर घेऊन गेल्या. जिच्याविषयी माझ्या पोटात सव्वा पान मजकूर होता, ती जागा मी तेव्हा प्रथम पाहिली. पाणी काठोकाठ होते आणि धुक्यात शेकडो करकोचे एका पायावर उभे होते. ऊन जरा वर आले तसे ते उठले. खांबकाकांनी बोट वर केले.

“खालच्या जाड तारा त्यांना दिसतात. त्या चुकवायला ते वर उठतात, आणि सगळ्यांत वरची ती बारीक तार दिसतच नाही.”

जुन्या तारांखाली त्या सकाळी तीन पक्षी मिळाले. एकाचे पंख अजून उबदार होते. खांबकाकांनी सवयीने त्याला उचलले आणि खड्ड्यासाठी जागा शोधू लागले. बाई म्हणाल्या, “थांबा काका, आधी लिहून घेऊ.” त्यांनी पंखांची लांबी मोजली, तारीख घातली, जागा नोंदवली. खांबकाका पक्षी हातात धरून उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

वाहिनी झालीच, मित्रांनो. पलीकडच्या गावांना दिवे हवे होते. पण तिचा मार्ग पाणथळीपासून दूर, टेकडीमागून नेला, आणि जुन्या वाहिनीच्या वरच्या तारेवर लांबून दिसतील अशा चकत्या बसवल्या. नवा अहवाल छापून गावच्या कार्यालयात, माझ्याशेजारी आला. खांबकाका तो पाहायला एकदा आले. त्यात त्यांचे नाव नव्हते. ‘स्थानिक रहिवाशाने दिलेल्या माहितीनुसार’ एवढेच होते. ते वाचून त्यांना हसू आले. कारकुनाचा निरोप घेऊन ते गेले. वाचायचे काही उरले नव्हते, मग ते कशाला येतील?

माझ्यावर ‘रद्द’ असा शिक्का बसला आणि मी या फळीवर आलो. त्याला बरीच वर्षे झाली. चुकीचा ठरलो याचे मला दुःख नाही. खांबकाका कसे आहेत, आहेत की नाहीत, हे मला ठाऊक नाही. कपाटाला कोणी काही सांगत नाही. त्यांच्या बोटाची खरखर मात्र अजून आठवते.

मित्रांनो, माझ्यासारखा जाड, कंटाळवाणा अहवाल कुठे वाचायला ठेवलेला दिसला तर चार पाने वाचा. आणि तुमच्या गल्लीत कोणी म्हातारे एकटे बसलेले असेल, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि त्यांनी काय काय पाहिले ते विचारा. ते आपणहून सांगतील याची वाट पाहू नका.