पट्टा न बांधलेला खुबा

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला बोलावलं आणि सांगितलं, की तुमच्या पत्नीच्या मांडीच्या हाडात गाठ आहे, ती पसरली आहे, आता फार काळ हातात नाही. त्याच संध्याकाळी चुंबकाचे पट्टे बांधून सांधे बरे करतो म्हणणाऱ्या चुंबकगुरूंच्या सभागृहात तिच्या खुब्याचे फोटो पडद्यावर लावून लोक टाळ्या वाजवत होते. एमआरआयची प्रत गुरूंचा माणूस दुपारीच घेऊन गेला होता. मी तिला न्यायला पोचलो, तर तिला व्यासपीठावर खुर्चीत बसवलेलं.

"डावीकडे बघा," गुरू सांगत होते. "पट्टा बांधण्याआधीचा सांधा. हाडांमधली गादी कुठे दिसते? उजवीकडे आजचा. ही रेघ कुठून आली? एमआरआयच्या चुंबकाने दवाखाना नुसतं बघतो, मंडळी. मी चुंबकाने बरं करतो."

डावा फोटो म्हणजे राखाडी चिखल होता. उजव्यात गादीची रेघ पेन्सिलीने काढावी तशी स्वच्छ. बायको माझ्याकडे बघून हसली. पाय दुखत होताच, पण गादी भरताना दुखायचंच, असं तिला सांगून ठेवलेलं. पट्टा अंगावर असताना डॉक्टरकडे जायचं नाही, परक्या हाताने शक्ती उतरते, हाही तिथला नियम. मधले सगळे महिने आम्ही तो पाळला होता.

थोड्याच दिवसांत ती गेली. मला घरात बसवेना आणि दुकानातही. माझं चष्म्याचं दुकान आहे. एकच भिंग पुन्हा पुन्हा पुसत राहायचो. गाठ वाढत होती, मग गादी भरली कशी? तशात कळलं, की धाकटीने, म्हणजे माझ्या मेहुणीनेही तोच पट्टा बांधलाय. तिचा खुबा दुखायचा, जिना चढताना कठडा सोडवत नव्हता. अगदी तिच्या बहिणीसारखंच. मी समजवायला गेलो, तर म्हणाली, "भाऊजी, ताईला दुसरंच काही झालं. गादी तर भरली होती ना? मी स्वतः पाहिलाय फोटो."

मी तडक डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, की आधीचा फोटो कुठे काढला होता. गुरूंनी पाठवलं त्या छोट्या केंद्रात, मी म्हणालो. आणि नंतरचा तुमच्याकडे, तोही गुरूंच्याच सांगण्यावरून. मग त्या म्हणाल्या, आधी तिथे जा, मग इथे या, आणि दोन्हीकडे स्वतःचा खुबा दाखवा.

पुढच्या सभेत मी म्हणालो, मला साक्ष द्यायची आहे. गुरूंनी आपण होऊन हाताला धरून वर नेलं. मी दोन फोटो दिले, ते पडद्यावर लागले.

"बघा," गुरूंचा आवाज चढला. "इथे गादी नाही. इथे काठोकाठ भरली. काका, किती दिवस पट्टा बांधलात, सांगा सगळ्यांना."

"बांधलाच नाही. दोन्ही फोटो कालचे आहेत. एक सकाळचा, एक दुपारचा."

सभागृहात कुजबूज सुरू झाली. गुरू मात्र मुरलेले. बायकोचा पट्टा घरात होता, त्याचा प्रभाव नवऱ्यावर पडला, म्हणाले. त्यावर मागून एक आजी म्हणाल्या, "मग घरटी एक पुरला असता की. आम्हा दोघांना दोन कशाला विकलेत?"

लोक हसले. ते हसत होते तोवर मी डॉक्टरीणबाईंनी शिकवलेलं सांगून टाकलं. खुब्यात हाडाचा गोळा वाटीत बसतो. दोघांवर कूर्चेचा एकेक पातळ थर असतो. आपण गादी म्हणतो ती हीच. थर एकमेकांना अगदी टेकलेले. कमी ताकदीच्या चुंबकाच्या मशीनवर ते एकमेकांत मिसळून जातात आणि गादी नाहीच असं वाटतं. जास्त ताकदीच्या मशीनवर वेगळे दिसतात. गुरू आधी माणसाला पहिल्या मशीनवर पाठवतात, पट्टा बांधून झाला की दुसऱ्यावर. सांधा तोच, गादीही तेवढीच. चष्मा घातल्यावर पाटीवरची अक्षरं दिसतात, ती काही चष्म्याने लिहिलेली नसतात.

त्या दिवशी बऱ्याच जणांनी पट्टे खुर्च्यांवर टाकले. धाकटीनेही टाकला. बाहेर आल्यावर मी म्हणालो, चल, आता तपासून घेऊ. ती थांबली.

"फोटो फसवतात, हे तुम्हीच दाखवलंत ना भाऊजी?"

"फोटोने नाही फसवलं गं. दोन मशीनचे फोटो शेजारी लावणाऱ्याने फसवलं. तुझ्या ताईची गाठ त्याच मशीनने दाखवली."

"म्हणूनच नको," ती म्हणाली, आणि चालू लागली.

आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो कुणी दाखवले, तर टाळी वाजवण्याआधी दोनच गोष्टी विचारा: दोन्ही एकाच मशीनचे आहेत का, आणि उपचार न घेतलेल्याचा फोटो कसा दिसतो? बाकी दुखणं असेल तर डॉक्टरला दाखवा, भीती वाटली तरी दाखवा. हे मी धाकटीला रोज सांगतो. ती ऐकून घेते, विषय बदलते.

तिचा खुबा अजून कुणीही तपासलेला नाही.