आत्याचा डावा डोळा

दिवसभर कुलूपं दुरुस्त करणाऱ्या माणसाने जगावर विश्वास ठेवावा तरी कसा? आपल्या गोष्टीतला कुलूपवाला तर या बाबतीत सगळ्यांच्या चार पावलं पुढे. भाजी घेताना तो आधी तराजूकडे बघे, आणि तराजू नीट असला तर भाजीवाल्याकडे. शेजारीपाजारी त्याला शंकासुर म्हणत, आणि ते त्याला कौतुक वाटे.

त्याची मुलगी पाच आठवड्यांची होती. खिडकीपाशी तिचं अंग पुसताना बायकोला तिच्या डाव्या डोळ्याच्या बाहुलीत पांढुरकं काहीतरी दिसलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की जन्मतःच मोतीबिंदू आहे, दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन करायला हवं.

दोन आठवडे म्हटल्यावर कुलूपवाल्याचे कान टवकारले. घाई करणारा माणूस काहीतरी खपवत असतो, हा त्याचा दुकानातला अनुभव. डोळा काय पळून चाललाय? पोर पाच वर्षांची होऊ दे, मग बघू! शिवाय घरात दाखला होताच. त्याच्या आत्याचा डावा डोळा लहानपणी डॉक्टरांनी कापला आणि कायमचा घालवला, असं आजोबा सांगत आले होते. दुधाने तोंड पोळलेलं घर ते, ताकही फुंकून पिणारच.

बायको भांडली, रडली, शेवटी बोलेनाशी झाली. मग त्याने स्वतःच परीक्षा घेतली. किल्ल्यांचा जुडगा पाळण्यावर धरून इकडून तिकडे हलवला, तर पोरीने डोळे फिरवले. लख्ख दिसतंय हिला, असा निकाल देऊन तो दुकानात निघून गेला. अशात नऊ दिवस गेले.

बायकोने आत्याला बोलावून घेतलं. आत्या साठीची, शर्टांची काजं करून पोट भरलेली बाई. आपला साक्षीदार आला म्हणून कुलूपवाला खूश. त्याने मोठ्या तोऱ्यात तिच्यापुढे पुन्हा परीक्षा करून दाखवली.

आत्याने जुडग्यातली एकच किल्ली सोडवून घेतली आणि पोरीचा उजवा डोळा तळहाताने झाकला. किल्ली आवाज न करता डोळ्यासमोरून फिरली. डावा डोळा जागचा हलला नाही. पोर हातपाय झाडून रडायला लागली. आत्याने हात काढून डाव्या डोळ्यावर ठेवला, तशी ती शांत झाली आणि किल्लीमागे बघू लागली.

"जुडगा वाजतो, आणि चांगला डोळा उघडा असतो," आत्या म्हणाली. "मीही अशीच फसवायचे सगळ्यांना. एका डोळ्याने सुईत दोरा ओवायचे."

"पण तुझा डोळा तर डॉक्टरांनीच घालवला ना?"

"माझ्या वडिलांनी घालवला. मी पाळण्यात होते तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन करा. वडील म्हणाले, मोठी होऊ दे. बाराव्या वर्षी केलं, आणि ऑपरेशन झक्क झालं. ये, बघ."

कुलूपवाल्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आत्याच्या डाव्या डोळ्यात जवळून पाहिलं. कुठे डाग नाही, पडदा नाही. इतका स्वच्छ डोळा, आणि दिसत नाही!

"उजेड कळतो, माणूस कळत नाही," ती म्हणाली. "मी पुढे एका डॉक्टरांना विचारलं, असं का? ते म्हणाले, बघायचं काम मेंदू करतो. आईच्या पोटात अंधार असतो, तरी डोळे तिथूनच मेंदूकडे संदेश धाडत असतात, वाट आखून ठेवतात. जन्मल्यावर उजेड ती वाट रुळवतो. एका डोळ्यातून चित्रच आलं नाही, तर मेंदू त्याची जागा दुसऱ्या डोळ्याला देऊन टाकतो. पहिले काही महिने फार मोलाचे. पुढे डोळा कितीही साफ करा, मेंदू त्याला ओळख देत नाही."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बाप होता रे माझा. डॉक्टरांना दोष दिला की वडिलांना झोप लागायची. लागू दिली. पण आज गप्प बसले, तर या पोरीची गुन्हेगार होईन."

कुलूपवाल्याने बोटांवर दिवस मोजले आणि त्याच्या पाचावर धारण बसली. पोरीला दुपट्यात गुंडाळून तो तसाच निघाला. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. संमतीचा कागद मात्र त्याने दोनदा वाचून घेतला.

खरं काम पुढेच होतं. डाव्या डोळ्यात बुबुळावर बसवायचं बारीक भिंग, आणि उजव्यावर रोज काही वेळ पट्टी, म्हणजे मेंदूला डाव्याचं ऐकावंच लागेल. पोर पट्टी ओरबाडी, आकांत करी. चांगला डोळा बांधून ठेवणाऱ्या बापाकडे आता शेजारी संशयाने बघू लागले. तो प्रत्येकाला थांबवून सगळं समजावून सांगे.

मुलगी सात महिन्यांची झाली. एका सकाळी पट्टी बांधलेली असताना आत्या दारात येऊन उभी राहिली, काही न बोलता. पोरीने डाव्या डोळ्याने तिच्याकडे पाहिलं, क्षणभर निरखलं आणि बोळकं उघडून हसली. आत्याला रडू आवरेना.

वाचकहो, संशय जरूर घ्या, कागदही दोनदा वाचा. पण 'मोठं झाल्यावर बघू' असं घरात कोणी म्हणालं, तर त्याचाही संशय घ्या. बाळाच्या बाहुलीत पांढरं दिसलं, डोळा तिरका वाटला, तर त्याच दिवशी दाखवा. आपल्याला दिसत नाही, हे ते बाळ तुम्हाला सांगू शकत नाही.